शिळ्या वड्याचा फैसला

माझ्या भासऱ्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या थोरल्या भावांनी, उभ्या जन्मात कढईतून निघालेला ताजा वडा तोंडात घातला नाही. पेनगंगेच्या अलीकडची आणि पलीकडची मिळून मी पुष्कळ विचित्र माणसं पाहिली. कोणाला तोंडात पान असल्याशिवाय त्याचाच बैल ओळखत नसे, कोणी सासुरवाडीला जाताना आपलं पाणी आपल्या लोट्यात घेऊन जाई. पण सगळं घर ज्या वड्यासाठी कढईभोवती घुटमळतं, त्या वड्याकडे पाठ करून बसायचं, आणि दुसऱ्या दिवशी तोच शिळा झाला की त्याच्यासाठी अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून, कपाळाला गंध लावून तयार व्हायचं, असा माणूस मी एकच पाहिला. "ताजा वडा म्हणजे नुसती दरखास्त," ते म्हणत. "रातभर पडू द्या, सकाळी शेकू द्या, मंग त्याचा फैसला होते."

फैसला हा शब्द त्यांच्या तोंडी उगाच आलेला नव्हता. आदिलाबादजवळ, बेल्याकडच्या आमच्या लहानशा गावात ते पटवारी होते. निजामाच्या काळापासून घरात चालत आलेलं काम. त्यामुळे घरातलं बोलणं मराठी, कामाचं बोलणं उर्दू, आणि दोन्हींमधला बांध कधीच फुटून गेलेला. ऐंशीच्या दशकात सरकारनं गावोगावचे पटेल-पटवारी मोडीत काढले. दप्तराची गाठोडी जीपमधून गेली, मोहर गेली, ओसरीवर येऊन बसणारी माणसंही हळूहळू गेली. मी त्याच सुमारास लग्न होऊन त्या घरात आले. "सरकारनं एक नेलं अन् नशिबानं एक देलं," असं माझी जाऊ, भासऱ्यांची बायको, म्हणायची. त्यातलं नुकसान कोणतं, हे तिनं शेवटपर्यंत उघड केलं नाही. दप्तर गेलं तरी भासऱ्यांची जीभ मात्र कचेरीतच राहिली. पंचनामा करायला आता कोणाचं शेत नव्हतं. मग त्यांनी तळणाचा पंचनामा सुरू केला.

पोळ्याला आमच्याकडे भरड्याचे वडे होत. चार डाळी जाडसर दळायच्या, त्यात लसूण, मिरची, मूठभर सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि हातावर थापून तेलात सोडायचे. पोळ्याच्या दिवशी बैल खात, माणसं खात, शेजारीपाजारी खात. उरलेले दुसऱ्या दिवशी सकाळी तव्यावर शेकून भासऱ्यांच्या ताटात जात. ते ताट समोर आलं की घरातला रेडिओ बंद व्हायचा. माझा नवरा शाळामास्तर. तो वर्तमानपत्राचं पान उलटायचंही थांबवायचा. भासरे एक वडा उचलून उजव्या कानाशी धरत, डोळे मिटत आणि मोडत. 'कुर्र' असा आवाज आला तर डोळे न उघडता म्हणत, "मंजूर." नुसतंच 'फस्' झालं तर डोळे उघडत, वड्याकडे एखाद्या खोट्या साक्षीदाराकडे पाहावं तसं पाहत, आणि म्हणत, "नामंजूर." नामंजूर वडेही ते सगळेच्या सगळे खात. फक्त अपील हरल्यासारखं तोंड करून.

हे पोळ्याचंच नव्हे. घरात काहीही तळलं की हाच दस्तूर. पुरी असो, सांबारवडी असो, संक्रांतीला शेजारच्या तेलुगू घरातून आलेली सकिनालू नावाची तांदळाची कडी असोत, भासरे म्हणणार, "उद्या पाहू." जावेचे वडे नेहमी मंजूर व्हायचे. पण तिला स्वतःला या न्यायदानाचं काडीइतकं कौतुक नव्हतं. ती कढईजवळ बसल्या बसल्या गरम वडा फुंकत खाऊन टाकायची आणि म्हणायची, "मी तं बाई ताजं खाते, मले कोर्टात जा नाही लागत." मी घरात आल्यावर तिनं पहिलं काम हे केलं की शेकायचा तवा माझ्याकडे सोपवला. नवी सून, वणीसारख्या शहरगावची, मॅट्रिक झालेली. घ्या म्हणाली.

त्या वेळची मी कशी होते हे आता आठवलं की मला माझंच हसू येतं. आंदणात प्रेशर कुकर आणला होता आणि तो मी अशी कडेवर घेऊन उतरले होते की गावातल्या बायका आधी त्याचं तोंड पाहायला आल्या, मग माझं. माझ्या मते जगातला कोणताही पदार्थ कुकरमध्ये घातला की सुधारत होता. तेव्हा आयुष्यातले पहिले शिळे वडे मी कुकरमध्ये पाणी घालून, वर डब्यात ठेवून, चांगल्या शिट्ट्या देऊन गरम केले. निघाले तेव्हा ते वडे नव्हते. पावसात सापडलेली, भिजून फुगलेली बिचारी काहीतरी वस्तू होती. मी ती ताटात वाढून, वर कोथिंबीर भुरभुरून पाठवली. भासऱ्यांनी एक उचलून कानाशी नेला आणि मोडला. आवाजच आला नाही. त्यांनी दुसऱ्या कानाशी दुसरा मोडून पाहिला. मग म्हणाले, "हा वडा मयत झाला आहे."

आता अडचण सांगते. हे वाक्य ते मला म्हणाले नव्हते. आमच्याकडे सुनेनं भासऱ्यांशी बोलायचं नाही, आणि भासऱ्यांनी धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं नाही. तिच्या डोक्यावर पदर हवा, त्यानं येताना खाकरून यावं, आणि दोघांच्या मध्ये काहीतरी हवं. दार, पडदा, एखादं पोर, काहीही. आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराशी सागाचा एक जाडजूड खांब होता. तोच आमचा मध्यस्थ. भासरे त्या खांबाच्या एका अंगाला उभे राहत, मी दुसऱ्या अंगाला चुलीपाशी, आणि आमचं सगळं बोलणं त्या खांबाशी होई. माझ्या नवऱ्याला ते 'अबे' म्हणत, पण खांबाला अहोजाहो करत. "खांबराव, बाईले सांगा, वडे उकडत नसतात." मीही पदराआडून म्हणे, "खांबराव, त्यायले सांगा, आमच्याकडे असेच करतात." लगेच उत्तर येई, "खांबराव, विचारा बरं, वणीले दात नसलेले लोक राह्यतात काय?" या सगळ्यात खांबरावांनी कधी कोणाची बाजू घेतली नाही.

त्या दिवशी माझ्या मनानं एक हट्ट घेतला. या माणसाकडून 'मंजूर' म्हणवून घ्यायचं. आणि तेही खांबाला नाही, मला, माझ्याकडे पाहून. दुसऱ्या मुलींचे हट्ट सोन्याचे, शालूचे असतात. माझा शिळ्या वड्याचा होता. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "दादा माह्याशी सरळ बोलत नाही, तं तुह्याशी काय बोलतीन."

मंजुरी मिळवायची तर भासऱ्यांची विद्या शिकणं भाग होतं, आणि ती ते गावाबाहेरही मोकळ्या हातानं वाटत फिरत. वांकिडीला एका लग्नात आम्ही सगळे गेलो होतो. पंगत बसली, पुऱ्यांची मोठी टोपली ओल्या फडक्यानं झाकून कोपऱ्यात ठेवली होती. भासऱ्यांचं लक्ष पानात लागेना. शेवटी ते भर पंगतीतून उठले, टोपलीपाशी गेले, फडकं काढलं आणि पुऱ्या अलगद मोकळ्या करू लागले. मुलीचा मामा धावत आला. त्याला वाटलं, मुलाकडचे पाहुणे पुरवठा तपासतात. "पाव्हणे, पुऱ्या मोजून राह्यले काय?" त्यानं विचारलं. भासरे शांतपणे म्हणाले, "मोजत नाही. त्यायचा श्वास कोंडून राह्यला, थो मोकळा करून राह्यलो." त्या लग्नात ताटात पडलेली एकही पुरी भासऱ्यांनी खाल्ली नाही. उरलेल्या मात्र बंडीच्या दोन्ही खिशांत भरून आणल्या. जाऊ पुढे पंधरवडाभर ती बंडी राखेनं घासत होती आणि घासता घासता माहेरच्या माणसांची नावं घेत होती, ज्यांनी हे स्थळ पाहिलं होतं त्यांची.

आदिलाबादला कधी गेले की बसस्टँडाजवळच्या मिरची भज्याच्या गाडीवर ते हमखास थांबत. तिथला तेलुगू गाडीवाला बिचारा ओरडून ओरडून सांगत असे की भजी आत्ताची आहेत, गरम आहेत. भासरे त्याच्याजवळ जाऊन, आवाज खाली आणून, आपल्या मोडक्या तेलुगूत विचारत, "निन्नटिवि उन्नाया?" म्हणजे, कालची आहेत का? खिशाला शाईचं पेन, हातात छत्री, डोक्यावर टोपी, आणि प्रश्न हा. पहिल्यांदा गेले तेव्हा गाडीवाल्याला वाटलं, तपासणीवाला साहेब आला. त्यानं कढईची शपथ घेतली, आईची घेतली, हिंदीत म्हणाला, "साहब, कसम से, कल का एक भी नहीं." भासरे जितके निराश होत, तितका तो घाबरे. शेवटी त्यानं चार ताजी भजी कागदात बांधून फुकट हातात ठेवली. भासऱ्यांनी पैसे दिले, कागद बसमध्येच उघडून टाकला, कारण कागदात भज्याला घाम येतो, आणि ती भजी बेल्यापर्यंत छत्रीच्या उघड्या कापडावर वाळत घातल्यासारखी मांडून आणली. बसमध्ये उघडी, उलटी छत्री धरून बसलेला माणूस, आणि छत्रीत भजी. शेजारच्या प्रवाशानं त्यातलं एक उचललं तेव्हा म्हणाले, "आज नोको खाऊ बाप्पा. उद्या घरी ये."

खांबरावांच्या मार्फत मी शिकले ते असं. वडा पुन्हा तेलात टाकायचा नाही. तो तेल पितो आणि जड होतो. जाड लोखंडी तवा घ्यायचा, तेलाचं बोटही लावायचं नाही, वड्याच्या अंगात आहे तेवढं पुरतं. पऱ्हाटीचा जाळ, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, भडकून खाली बसला की त्या निखाऱ्यावर तवा ठेवायचा. आधी मंद, म्हणजे आतली ओल निघते. शेवटी एक मूठ पऱ्हाटी सारून जरा जोराचा, म्हणजे वरची कड वाजायला लागते. वडे एकावर एक रचायचे नाहीत. "बाजारात बैल बांधतात तसे ठेवा म्हणावं. एकाचं आंग दुसऱ्याले लागू नये." मधून उलटायचे, कडेवर उभे करायचे. उतरवल्यावर थाळीत टाकायचे नाहीत, थाळीत पोटाखाली वाफ धरते. चाळणीत किंवा सुपात ठेवायचे. आणि सगळ्यात मोठं कलम, जे ते दर खेपेला खांबाला पुन्हा पुन्हा बजावत: "झाकण ठेवायचं नाही. काई झालं तरी झाकण नाही. झाकलेली वस्तू नरम पडते."

मी हे सगळं पाळलं. कुकर माळ्यावर गेला. निखारे कसे हवेत ते मला नुसत्या हाताच्या तळव्याला कळू लागलं. वडे तव्यावर कडेवर उभे राहिले की त्यांची कड खडखडीत होते हे मी बोटानं वाजवून पाहत असे, आणि ती वाजायचीही. आता जिंकले, असं म्हणून मी वडे उतरवायला वाकावं, तेवढ्यात ओसरीवरून भासऱ्यांचा खोकला यावा. हा खोकला आजाराचा नव्हे, हा येण्याची वर्दी देणारा. फाटकापाशी एक, ओसरीवर एक आणि खांबाजवळ पोचल्यावर शेवटचा. त्या शेवटच्या खोकल्यानंतर ते ताटावर बसत, वडा कानाशी धरत. फस्. "खांबराव, सांगा. नामंजूर."

असं एक पोळा नाही, कितीतरी पोळे. मध्यंतरी मला दोन लेकरं झाली, कपाशीचे भाव चढले-उतरले, गावात टीव्ही आला, भासऱ्यांचे केस पिकले आणि माझ्या वड्यांना मंजुरी काही मिळेना. मी डाळ बदलली, तवा बदलला, तव्याला दोष लागला असेल म्हणून मिरच्या ओवाळून टाकल्या. जावेला विचारलं, "बाई, तुमचे वाजत होते, माहे काऊन वाजत नाई?" ती म्हणाली, "तू मन लावून करतं. वड्याले मन लावलेलं सहन नाई होत." मला ते पटलं आणि मी एक पोळा मन न लावता शेकले. तेही नामंजूर.

नव्वदीच्या मध्यावर घराला स्लॅब टाकायचं ठरलं. छपराचे कवेलू उतरले, चूल गेली, गॅसचं सिलिंडर आलं, उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा आला. मी खूश होते. खांबराव गेले हे आठ दिवसांनी माझ्या लक्षात आलं. सुतारानं तो साग चिरून त्याचा एक ठेंगणा बाक केला होता आणि नव्या स्वयंपाकघराच्या दाराबाहेर ठेवून दिला होता.

आता पाहा गंमत. भासरे सवयीनं खाकरत यायचे, दारापाशी उभे राहायचे, बोलायला तोंड उघडायचे, आणि समोर कोणीच नसायचं. म्हणजे मी होते, पण बोलायला कोणी नव्हतं. नव्या भिंतीला हिरवा ऑइलपेंट दिला होता. एकदा त्यांनी तिच्याशी बोलून पाहिलं, "भिंतबाई," असं म्हणाले आणि ओशाळून परत गेले. मध्ये खांब होता तोवर आम्ही रोज भांडत होतो, खांब गेल्यावर घरात अशी शांतता पसरली की माझा नवरा म्हणाला, "दादाची तब्येत बरी नाई काय?" हळूहळू ते दाराशी यायचेही बंद झाले. तळण झालं की शिळं ताट मी जावेच्या हातून ओसरीवर पाठवी, ते मुकाट खात, आणि ताट परत येई. ना मंजूर, ना नामंजूर. मी कधी सांगितलं असतं तर कोणी विश्वास ठेवला नसता, पण मला त्या 'नामंजूर'ची आठवण येऊ लागली. एखाद्या माणसानं पुष्कळ वर्षं तुमचा दावा फेटाळला आणि मग एके दिवशी कचेरीच बंद केली, तर काय करायचं?

त्या वर्षीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी गॅसवर तवा ठेवला होता. निखारे नव्हते, पण ज्योत बारीक करता येत होती, आणि वडे शहाण्यासारखे कडेवर उभे होते. मी बोटानं एक वाजवून पाहिला. टण् म्हणाला, जवळजवळ. तेवढ्यात मागं कोणीतरी आहे असं वाटलं म्हणून वळले, तर दारात भासरे. अनवाणी, आणि न खाकरता आलेले. कोणाला वर्दी द्यायची आणि कुठे उभं राहायचं तेच न उरल्यामुळे असेल, खोकला ते विसरूनच गेले होते. माझा डावा हात डोक्याकडे गेला आणि पदर ओढला. आणि त्याच क्षणी उजव्या हातानं बाजूचं झाकण उचललं आणि तव्यावर ठेवलं.

ते हातानं केलं, मी नाही. वडीलधारं माणूस आलं की उघडं काही दिसू नये, ही आईनं लहानपणापासून लावलेली सवय. ती डोक्यालाही लागू होती आणि तव्यालाही. लग्न झाल्यापासून दर वेळी, त्यांचा खोकला ऐकला की हा हात पदर ओढत होता आणि तो हात झाकण ठेवत होता. खांबाच्या पलीकडे उभ्या भासऱ्यांना ते कधी दिसलं नव्हतं. मला तर ते माझ्याच हातून होत असूनही दिसलं नव्हतं.

भासरे झाकणाकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे. मग पुन्हा झाकणाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर एक जुनी तकरार एकाएकी निकाली निघाल्यासारखा भाव आला, आणि ते हसायला लागले. मी त्यांना हसताना तोवर फक्त ऐकलं होतं, ओसरीवरून. पाहिलं कधी नव्हतं. पुढचे दोन दात गेले होते हे तेव्हा कळलं.

"म्हणजे इतके वर्सं माह्या खोकल्यानंच वडा मारला," ते म्हणाले. कोणाला म्हणाले ते कळेना, खोलीत मीच होते. मग अगदी सरळ, मधे काही न ठेवता, "बाई, काढ थे झाकण."

मी झाकण काढून ओट्यावर ठेवलं. वाफ वर गेली. वडे ओलेगच्च दिसत होते.

"दुसरं बी काढ," ते म्हणाले.

मी ओट्याकडे पाहिलं, गॅसच्या दुसऱ्या बाजूकडे पाहिलं. दुसरं झाकण मला दिसेना. त्यांनी आपल्या टोपीवर बोट टेकवलं. "थे. डोक्यावरचं. झाकलेली वस्तू नरम पडते म्हणून मी खांबाले सांगत होतो, त्या खांबानं तुले सांगितलंच नाही."

मागून जाऊ आली होती. ती दारातच थबकली. माझा पदर खांद्यावर आला होता आणि मला काय करावं ते कळत नव्हतं. इतकी वर्षं मी या क्षणासाठी वडे शेकले होते आणि आता क्षण आला तर मला फक्त एवढंच सुचलं की वेणी नीट घातलेली नाही. भासरे सागाच्या बाकावर बसले. जन्मभर आमच्या मधे उभे राहिलेले खांबराव आता त्यांच्या खाली होते. जाऊ म्हणाली, "बसा आता त्याच्यावर. लय बोलायले लावलं त्याले."

त्या दिवशीचे वडे अर्थातच नामंजूर झाले. पण सांगितलं मला. आणि असंही म्हणाले, "गुन्हा तुहा नाही, माह्या खोकल्याचा." दुसऱ्या दिवशी उरलेसुरले चार वडे मी उघड्या तव्यावर, उघड्या डोक्यानं शेकले, चाळणीत उतरवले. भासऱ्यांनी बाकावर बसून एक कानाशी धरला, डोळे मिटले, मोडला. 'कुर्र' असा आवाज आला की ओसरीवर झोपलेली मांजर मान वर करून पाहू लागली. त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मंजूर." मी चाळणी घेऊन आत गेले आणि नळ सोडून उगाच भांडी घासत बसले. घासायची भांडी नव्हतीच.

पुढे त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. आधी रेडिओ मोठा झाला, मग माणसं मोठ्यानं बोलू लागली, मग तेही पुरेनासं झालं. तरी सणाच्या दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून ते बाकावर बसत, वडा कानाशी धरत आणि मोडत. आणि मग वडा हातात तसाच धरून थांबत. एका पोळ्याला त्यांनी दोन्ही कानांशी मोडून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"वाजला काय व?"

वाजला नव्हता. त्या दिवशी गॅस संपत आला होता, ज्योत नीट लागत नव्हती. मला सहज 'हो' म्हणता आलं असतं. त्यांना काय कळणार होतं. पण ज्या माणसानं माझे इतके वडे फेटाळले, त्याला फसवून मंजुरी घ्यायची म्हणजे पहिलीही मंजुरी गेली. मी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्यानं म्हटलं, "नाई वाजला, जी. नामंजूर."

त्यांचा चेहरा असा खुलला की सांगता येत नाही. "गवाह पक्की हाये," ते जावेला म्हणाले. "जाय, दुसरे शेक." मी दुसरे शेकले. ते वाजले. मी म्हटलं, "वाजला." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. "मंग मंजूर," म्हणाले आणि खाल्ला. तेव्हापासून कान माझा आणि फैसला त्यांचा, असं शेवटपर्यंत चाललं. शेवटी शेवटी दात राहिले नव्हते, तर ते वडा मोडून माझ्याकडे पाहत, मी म्हणे "वाजला," आणि मग तो कुरकुरीत वडा ते चहात बुडवून नरम करून खात. जाऊ कपाळावर हात मारून घ्यायची.

आता ते नाहीत, जाऊही नाही. बाक आहे. त्याच्यावर आता माझी नातवंडं चपला काढतात. घरात एक यंत्र आलं आहे, त्यात शिळं काहीही ठेवून बटण दाबलं की गरम वाऱ्यानं कडक होतं, असं माझी सून सांगते. मी त्याच्याकडे तशाच नजरेनं पाहते, जशी गावातल्या बायका माझ्या कुकरकडे पाहत होत्या. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं त्यातून वडे काढून मला बाकावर आणून दिले. मी एक उजव्या कानाशी धरला, डोळे मिटले, मोडला. काही कळलं नाही. दुसऱ्या कानाशी मोडला. हे कान कधी गेले ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. डोळे उघडले तर सून समोर उभी होती, केस मोकळे, हातात मोबाइल.

"वाजला काय व?" मी विचारलं.

तिनं सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "नाई वाजला, आई."

मी वडा ताटात ठेवला आणि बाकावर हात टेकला. साग अजून गुळगुळीत आहे. "जाय," मी म्हटलं, "दुसरे शेक."